वाचकांचे प्रश्न : 'हम लोग' लिहिणारा माणूस आणि आजचे मालिकालेखक

गेल्या अंकात दूरचित्रवाणी मालिकांच्या लेखनाविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत दोन सूर ठळक दिसले : वयाने मोठ्या वाचकांना 'हम लोग' ही दूरदर्शनवरची जुनी हिंदी मालिका आठवली आणि तरुण वाचकांना या धंद्यात शिरायचे आहे. दोघांचेही बरेचसे समाधान एकाच माणसाच्या आयुष्यातून होऊ शकते असे वाटल्यामुळे या वेळी त्या मालिकेचे लेखक मनोहर श्याम जोशी यांना मध्यभागी ठेवून उत्तरे दिली आहेत. मी स्वतः अकरा वर्षे दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले. जिथे त्या अनुभवाचा उपयोग होतो तिथे तोही सांगितला आहे.

प्रश्न : १९८४ साली आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि 'हम लोग' लागली की बिऱ्हाडे त्या एका खोलीत जमत. अशोककुमार, बडकी, लल्लू, दादी सगळे लक्षात राहिले. लेखकाचे नाव मात्र परवा प्रथमच वाचनात आले. हे जोशी मराठी होते का, आणि ते मालिकेकडे कसे वळले? (एक निवृत्त शिक्षिका, वाई)

नाही, जोशी मराठी नव्हते, पण आपला गैरसमज होणे अगदी स्वाभाविक आहे, कारण उत्तराखंडातल्या कुमाऊँमधली पंत, जोशी ही आडनावे आपल्या कानाला घरचीच वाटतात. त्यांचे घराणे अल्मोड्याचे. जन्म मात्र ९ ऑगस्ट १९३३ रोजी अजमेरला झाला. लखनौ विद्यापीठातून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली आणि त्याच शहरात कादंबरीकार अमृतलाल नागर यांच्या सहवासात ते लेखनाकडे ओढले गेले. पुढची तीस वर्षे त्यांनी जी कामे केली, ती एका कागदावर मांडली तर हा माणूस कुठे टिकतच नव्हता असे वाटावे : काही काळ आकाशवाणी, मग फिल्म्स डिव्हिजनसाठी माहितीपटांचे लेखन, हिंदी कवी-कादंबरीकार 'अज्ञेय' संपादक असताना 'दिनमान' या साप्ताहिकात नोकरी आणि त्यानंतर 'साप्ताहिक हिंदुस्तान'चे संपादकपद. पहिली कादंबरी 'कुरु कुरु स्वाहा' १९८० साली आली, तेव्हा ते सत्तेचाळिशीला टेकले होते. ती मुंबईत घडते आणि तिला त्यांनी स्वतःच 'गप्प-बायस्कोप' असे नाव दिले होते, म्हणजे दृश्ये आणि संवाद यांवर उभी असलेली एक लांबलचक थाप.

माझ्या मते या भटकंतीतच मालिकालेखक घडला. आकाशवाणीवर माणूस कानाने लिहायला शिकतो, कारण तिथे पात्राला चेहरा नसतो आणि बोलण्याच्या लकबीवरूनच ते ओळखावे लागते. माहितीपट लिहिताना चित्र जे सांगते आहे ते निवेदनात पुन्हा सांगायचे नाही, हे अंगवळणी पडते. आणि साप्ताहिकाचा संपादक म्हणजे मनःस्थिती असो वा नसो, ठरल्या वारी पाने छापखान्यात धाडणारा माणूस. मालिकेला या तिन्ही गोष्टी लागतात. आणि तिसरी नसेल तर पहिल्या दोन असून फारसा उपयोग होत नाही.

मालिकेचा योग मात्र सरकारी वाटेने आला, आणि त्यात एका मराठी माणसाचा हात आहे. तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री वसंत साठे १९८२ साली मेक्सिकोला गेले होते. तिथे मिगेल साबिदो हे निर्माते लोकशिक्षणासाठी कौटुंबिक मालिका करीत. 'वेन कॉन्मिगो' या त्यांच्या मालिकेने प्रौढ साक्षरता वर्गांचा प्रचार केला होता. असे काही भारतात कुटुंबनियोजनासाठी करता येईल का, हा विचार तिथून आला आणि खात्याचे सचिव एस. एस. गिल यांनी तो पुढे नेला. दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांच्याकडे आले, लेखन जोशींकडे, आणि झटपट नूडल्स नुकत्याच बाजारात आणलेल्या एका कंपनीने प्रायोजकत्व घेतले. ७ जुलै १९८४ रोजी पहिला भाग लागला. त्याच वर्षी जोशींनी संपादकाची खुर्ची सोडली आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी केवळ लेखणीवर जगायला सुरुवात केली. घरात पगार येणे बंद होण्याची भीती ज्याने अनुभवली आहे, त्याला या एका वाक्याचे वजन कळेल.

प्रश्न : प्रेक्षकांच्या पत्रांमुळे 'हम लोग'ची गोष्ट बदलली असे ऐकले आहे. हे खरे की दंतकथा? खरे असेल तर मग लेखक कशाला हवा? (एक वाचक, अमरावती)

खरे आहे, आणि आपला उपप्रश्न मुख्य प्रश्नापेक्षा चांगला आहे.

साबिदो यांच्या पद्धतीत पात्रे तीन प्रकारची असतात. एक आदर्श वागणारी, दुसरी वाईट वागून वाईट फळ भोगणारी आणि तिसरी या दोहोंच्या मध्ये उभी राहून डळमळणारी. प्रेक्षकाने तिसऱ्या पात्राचा हात धरून वाईटाकडून चांगल्याकडे यावे, अशी कल्पना. कागदावर हे गणित सुबक दिसते. 'हम लोग'मध्ये ते सुरुवातीलाच फसले. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता की प्रेक्षक कंटाळले, आणि तसे त्यांनी कळवलेही. तेव्हा जोशींनी उपदेश पातळ केला आणि घर पुढे आणले : दारू पिणारा, गाण्याची हौस मिरवणारा बसेसर राम, सगळे मुकाट सोसणारी भागवंती, नोकरीच्या शोधातला लल्लू, क्रिकेटचे वेड घेतलेला नन्हे, सिनेमाच्या नादाने मुंबईला निघणारी मझली, डॉक्टर व्हायचे म्हणणारी छुटकी. उपदेशाची जागा भागाच्या शेवटी सरकली. तिथे ज्येष्ठ अभिनेते अशोककुमार येत, झालेल्या प्रसंगावर दोन शब्द बोलत, प्रेक्षकालाच प्रश्न टाकत, 'छन पकैया' या तुकबंदीचा एखादा चरण म्हणत आणि 'हम लोग' हे दोन शब्द वेगवेगळ्या भारतीय भाषांत उच्चारून निरोप घेत. औषध गोष्टीतून काढून गोष्टीनंतर दिले, म्हणून ते घशाखाली उतरले.

यानंतर पत्रांचा पूर आला. दूरदर्शनकडे आणि कलाकारांकडे मिळून सुमारे ४ लाख पत्रे आल्याचा अंदाज आहे. आई-वडिलांना आमच्या लग्नासाठी राजी करा, अशी गळ तरुण मुले-मुली अशोककुमारांना घालत. सुषमा सेठ यांनी उभी केलेली दादी घशाच्या कर्करोगाने मरणार होती. लोकांच्या आग्रहामुळे तिचे मरण पुढे ढकलावे लागले. म्हणजे गोष्ट बदलली, हे खरेच.

पण लेखक कशाला हवा याचे उत्तर भागवंतीपाशी मिळते. ती तयार केली होती ती 'असे राहू नये' हे दाखवण्यासाठी : नवऱ्याची बोलणी खाणारी, सासूचा जाच सोसणारी, तोंडातून शब्द न काढणारी बाई. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी पुढे प्रेक्षकांशी बोलून पाहिले, तेव्हा तिलाच आदर्श मानणारे पुष्कळ निघाले आणि त्यांत बायकाही होत्या. संदेश आखणाऱ्यांच्या दृष्टीने हे अपयश. लेखकाच्या दृष्टीने मात्र, आणि इथे मी जोशींची बाजू घेते, भागवंती एवढी खरी उतरली होती की लोकांनी तिच्याकडे धडा म्हणून पाहिलेच नाही. तिच्यात त्यांना स्वतःची आई दिसली, आणि आईला चुकीचे उदाहरण म्हणायला कोण धजावेल? पत्रे वाचून कुणाला मारायचे आणि कुणाचे लग्न लावायचे एवढे ठरवता येते. पुढच्या भागात ती बाई ताट वाढताना काय बोलेल, किंवा काहीच कसे बोलणार नाही, हे कोणत्याही पत्रात लिहिलेले नसते.

१७ डिसेंबर १९८५ रोजी मालिका संपली. सतरा महिन्यांत दीडशेहून अधिक भाग झाले, म्हणजे आठवड्याला साधारण दोन. एका भागात वीस-बावीस मिनिटे धरली तरी पन्नास तासांहून अधिक नाट्य एका माणसाच्या हातून उतरले.

प्रश्न : मालिका लिहिल्यामुळे जोशींमधला कादंबरीकार मागे पडला असे आपल्याला वाटते का? (एक ग्रंथपाल, सोलापूर)

हा आरोप त्यांच्यावर झाला आहे. मला तो अर्धवट वाटतो. 'कसप' ही त्यांची कादंबरी १९८२ ची. कुमाऊँनी बोलीत 'कसप' म्हणजे 'कोण जाणे'. म्हणजे दूरदर्शनवर येण्यापूर्वीच त्यांच्या दोन महत्त्वाच्या कादंबऱ्या झाल्या होत्या. नंतरची बरीच वर्षे मालिकांनी खाल्ली, हे नाकारता येणार नाही. 'हम लोग'नंतर लगेच 'बुनियाद' आली, मग 'कक्काजी कहिन', 'मुंगेरीलाल के हसीन सपने', 'हमराही'. पण शेवटी 'क्याप' या कादंबरीलाच २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ३० मार्च २००६ रोजी दिल्लीत ते गेले, तेव्हा हिंदी साहित्याने त्यांना कादंबरीकार म्हणूनच निरोप दिला.

मला वेगळीच गोष्ट खटकते. आपल्याकडे कादंबरीकार मालिका लिहू लागला की 'पोटासाठी लिहितो' असे म्हणतात. पोटासाठी प्राध्यापकी केली तर त्याच्याविषयी असे कुणी म्हणत नाही.

प्रश्न : हल्ली मराठी मालिकांत मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी बोलणारी पात्रे दिसतात, पण त्यांची बोली अनेकदा खोटी वाटते. जोशींनी एवढ्या बोली कशा हाताळल्या? (एक वाचक, बेळगाव)

आपण सीमेवर राहता, त्यामुळे आपला कान पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा तयार असणारच.

'बुनियाद' १९८६-८७ मध्ये लागत असे. दिग्दर्शक रमेश सिप्पी होते आणि गोष्ट लाहोरच्या पंजाबी कुटुंबाची : आर्यसमाजी मास्टर हवेलीराम, लाजोजी, फाळणी आणि त्यानंतर दिल्लीत पुन्हा मांडलेला संसार. लिहिणारा माणूस कुमाऊँचा, लखनौत शिकलेला. तरीही प्रेक्षकांना ते घर आपले वाटले. 'कक्काजी कहिन'मधला ओम पुरींचा पुढारी बैसवाडी, म्हणजे अवधीच्या एका बोलीच्या, वळणाची हिंदी बोलतो. त्याचे मूळ जोशींनी साप्ताहिकात चालवलेल्या 'नेताजी कहिन' या उपहासाच्या सदरात होते, त्यामुळे त्या पात्राची जीभ त्यांनी आधी काही वर्षे छापील पानावर घासून घेतली होती.

आपल्याकडे गडबड होते ती अशी. संवादलेखक मुंबईत बसून प्रमाण मराठीत प्रसंग लिहितो आणि नंतर सेटवर कुणीतरी 'आहे'चे 'हाय' आणि 'नाही'चे 'न्हाई' करून देतो. शब्द बदलतात, विचार प्रमाण मराठीतच राहतो. वऱ्हाडातला माणूस रागावला तर आधी गप्प बसतो की आधी टोमणा मारतो, कोल्हापूरकडची सासू सुनेचे कौतुक तोंडावर करते की शेजारणीपाशी, हे कळल्याशिवाय बोली येत नाही. मला स्वतःला एकदा मालवणी पात्र लिहायला सांगितले होते आणि मी सरळ नकार दिला. माझे आजोळ देशावरचे. ते काम सावंतवाडीच्या एका मुलाकडे गेले आणि त्याने पहिल्याच प्रसंगात म्हातारीच्या तोंडी अशी एक शिवी घातली की वाहिनीने ती कापली, पण म्हातारी कोण आहे हे सगळ्यांना कळून चुकले.

प्रश्न : मी मराठी घेऊन एम. ए. करतो आहे. मला मालिकालेखक व्हायचे आहे. काम नेमके कसे चालते, सुरुवात कुठून करावी आणि त्यावर घर चालते का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

जोशींच्या काळात एक लेखक कथा, पटकथा आणि संवाद असे सगळे सांभाळी आणि आठवड्याला दोन भाग देई. आज दैनंदिन मालिका आठवड्याचे पाच-सहा दिवस चालते, वर्षाला तीनशेच्या आसपास भाग लागतात. हे एका माणसाच्या कुवतीतले काम नाही, म्हणून त्याचे तुकडे झाले आहेत. मालिकेची श्रेयनामावली नीट वाचा : कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कथाकार पुढच्या दोन-तीन महिन्यांचा प्रवास आखतो. वाहिनीची माणसे, निर्मितीसंस्थेची माणसे आणि लेखक यांची बैठक होऊन आठवड्याची 'वन लाइन' ठरते, म्हणजे प्रत्येक भागात काय घडणार याचे चार-पाच ओळींचे टिपण. पटकथाकार त्यातून प्रसंग पाडतो : कुठे घडतो, कोण आहे, कुठे सुरू होतो, ब्रेकच्या आधी कुठे थांबतो. त्यावर संवादलेखक बोलणे चढवतो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटे हाती राहतात. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि ते पडलेले असले तर शुक्रवारी ठरलेली कथा बदललेली असते. पत्रांची जागा आकड्यांनी घेतली. पत्रात निदान कारण लिहिलेले असे. आकडा घसरला एवढेच सांगतो, कशाने ते सांगत नाही.

संवाद म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगते. समजा, मुलीला पुण्यात नोकरी लागली आहे, आईला माहीत आहे, वडिलांना नाही. नवशिका लेखक मुलीला वडिलांसमोर उभी करून म्हणायला लावतो, 'बाबा, मला पुण्याच्या कंपनीत नोकरी मिळाली आहे आणि मी सोमवारी जाणार आहे.' माहिती पोहोचली, प्रसंग मेला. आता असे करा. जून महिना आहे. वडील बाहेरून येतात, छत्री उघडी करून कोपऱ्यात ठेवतात. आई स्टुलावर चढून माळ्यावरची मोठी बॅग खाली काढते आहे.

'बॅग कशाला काढलीस?'

'ऊन दाखवायला.'

'पावसाळ्यात?'

इथे थांबा. आई उत्तर देत नाही, बॅगेवरची धूळ पुसते. तीन वाक्यांत वडिलांना काहीतरी लपवले जात आहे हे कळले, प्रेक्षकाला आई कुणाच्या बाजूने आहे हे कळले, आणि ब्रेक घ्यायला जागाही झाली. मुलगी प्रसंगात नाहीच. निर्मात्याच्या दृष्टीने यात आणखी एक सोय आहे : त्या दिवशी तिला सेटवर बोलवावे लागत नाही. तुम्ही हसाल, पण तारखा हा मालिकालेखनाचा निम्मा व्याकरणग्रंथ आहे.

याचा धडा मला तिसऱ्या वर्षी मिळाला. रात्री अकराला निर्मितीसंस्थेतून फोन आला की आजीचे काम करणाऱ्या बाई घराच्या जिन्यात पडल्या, पाय मोडला. घोडबंदर रस्त्यावरच्या सेटवर सकाळी नऊची शिफ्ट, तिच्यात आजीचे चार प्रसंग, आणि त्यांतल्या एकात तिने घराण्याचे मोठे गुपित फोडायचे होते. भागांचा साठा संपलेला होता, म्हणजे उद्या चित्रित होणारे परवा दाखवायचे. आजीला तीर्थयात्रेला पाठवले, दोन प्रसंग फोनवर उरकले आणि गुपित घाईघाईत स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या तोंडी दिले. पहाटे चार वाजता पाने पाठवून मी झोपले. मावशींची भूमिका करणाऱ्या बाईंनी तो प्रसंग असा काही केला की त्या आठवड्यात आकडे चढले, आणि मग वाहिनीचा हट्ट सुरू झाला : या मावशींना एवढे माहीत आहे तर अजून काय काय माहीत असेल? पुढचे सहा महिने सगळे कुटुंब त्या मावशींभोवती फिरत राहिले. मूळ कथाकाराने माझ्याशी बराच काळ अबोला धरला होता. त्याचे चुकले असे मला आजही म्हणता येत नाही.

घर चालते का? काम असेल तोवर चालते, आणि कित्येकदा मास्तरकीपेक्षा बरे चालते. मानधन भागाप्रमाणे ठरते, त्यातून कर कापला जातो आणि धनादेश साधारण तीन महिन्यांनी हाती येतो, म्हणून पहिल्या तिमाहीची सोय घरून करून ठेवावी. मालिका बंद होणार हे अनेकदा पंधरा दिवस आधी कळते. माझ्या एका मालिकेच्या शेवटच्या दोन महिन्यांची बिले वर्षभर अडकली होती. निम्मे पैसे आले, उरलेल्यांसाठी मी फोन करणे सोडून दिले. तेव्हा माझ्याकडे लेखी करार नव्हता, हा दोष माझाही. काम सुरू होण्याआधी करारावर सही घ्या, मग पहिला भाग लिहा.

सुरुवातीसाठी तीन गोष्टी करा. जोशींचे 'पटकथा लेखन : एक परिचय' हे हिंदी पुस्तक वाचा, आपल्या धंद्याविषयी एका कसलेल्या लेखकाने साध्या भाषेत लिहिलेले आहे. चालू असलेल्या एखाद्या मालिकेचा एक भाग पाहून त्याचे प्रसंग कागदावर उलटे उतरवून काढा. पाच-सहा भाग असे उतरवले की सांगाडा दिसू लागतो. आणि कुणा प्रस्थापित संवादलेखकाचा सहायक व्हा. या क्षेत्रात प्रवेशपरीक्षा नाही; आजारी पडलेल्या लेखकाच्या जागी रात्रीत चार प्रसंग नीट लिहून देणारा सहायक हाच पुढचा लेखक असतो.

प्रश्न : मालिका पुन्हा दाखवली तर लेखकाला पैसे मिळतात का? (एक वाचक, ठाणे)

प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि पुनर्वापराच्या स्वामित्वधनातला लेखकाचा वाटा त्याला करारानेही सोडून देता येणार नाही, असे ठरले. कायदा झाला, वसुली अजून लढूनच करावी लागते. मुंबईतील लेखकांच्या संघटनेचे सभासद व्हा आणि लिहिलेले तिथे नोंदवून ठेवा. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'बुनियाद' पुन्हा दाखवली, तेव्हा ती लिहून तीस वर्षांहून अधिक काळ उलटला होता.

प्रश्न : मालिकांतली पात्रे एकच गोष्ट तीन-तीनदा का सांगतात? लेखकांना प्रेक्षक मठ्ठ वाटतो का? (एक गृहिणी, नाशिक)

प्रेक्षक मठ्ठ नसतो, तो कामात असतो. संध्याकाळी सात ते दहा ही वेळ घरातल्या बाईच्या कामाची आहे. पोळ्या करायच्या असतात, मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात. दैनंदिन मालिका पाहिली जाते त्याहून जास्त ऐकली जाते. म्हणून 'सुलभाताई, तुम्ही रमेशला हे का सांगितलंत?' असे नावानिशी बोलणे येते, म्हणून ब्रेकनंतर मागचे वाक्य पुन्हा येते. त्याचा अतिरेक होतो, वेळ भरण्यासाठीही तो केला जातो, हे मी मान्य करते. पण मुळात ती ऐकणाऱ्याची सोय आहे, आणि आकाशवाणीतून आलेल्या जोशींसारख्या लेखकाला ती कुणी शिकवावी लागली नसेल.

माझ्या सासूबाई माझी मालिका ओट्यापाशी उभ्या राहून ऐकत. पडद्याकडे त्यांची पाठ असे. मी बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसलेली असे. त्यांनी आतून 'काय झालं गं?' असे विचारले, की त्या प्रसंगासमोर मी फुली मारत असे.